आतलं बळ, बाहेरची मोजपट्टी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य तालमीच्या लाल मातीत गेलं. शरीराविषयी बोलायला याहून योग्य जागा मला सापडली नसती. चिनी युद्धकलांसारख्या दूरच्या वाटणाऱ्या विषयाला आयोजकांनी होकार दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. चीनमधल्या ज्या युद्धकलांना 'अंतर्गत' म्हणतात, त्यांच्यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत भरपूर वैज्ञानिक काम झालं. पण 'अंतर्गत' म्हणजे नेमकं काय, हे ठरवायच्या आधीच मोजमापं सुरू झाली. त्याचा परिणाम असा झाला, की सत्तरीतल्या माणसाच्या तोलाबद्दल मिळालेला पुरावा लढतीतल्या सामर्थ्याचा दाखला म्हणून पुढे केला जातो. आणि एखादा गुरू एखाद्या लढतीत हरला, की सबंध कलाच थोतांड ठरते. या दोन्ही निष्कर्षांमागे एकच उणीव आहे. आपण काय तपासतो आहोत हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी थोडा इतिहास बघू, कारण व्याख्येचा घोळ तिथूनच सुरू होतो.

हुआंग झोंगशी या चिनी विद्वानानं १६६९मध्ये वांग झेंगनान या योद्ध्याच्या समाधीसाठी एक लेख लिहिला. युद्धकलांची 'बाहेरची' आणि 'आतली' अशी विभागणी आपल्याला प्रथम तिथे भेटते. शाओलिन मठाची पद्धत पुढे होऊन प्रहार करणारी, म्हणून ती बाहेरची. दुसरी पद्धत स्थिर राहून समोरच्याच्या हालचालीला आवर घालणारी, म्हणून ती आतली. आणि तिचा उगम वुडांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या ताओपंथी साधूपाशी, असं हुआंग सांगतो. हुआंग मिंग राजवटीचा निष्ठावंत होता. १६४४मध्ये बीजिंग मांचूंच्या हाती गेलं, तेव्हा तो त्यांच्याविरुद्धच्या प्रतिकारातही उतरला होता. त्यामुळे अनेक अभ्यासक या लेखाकडे राजकीय रूपक म्हणूनही पाहतात. परदेशातून आलेला बौद्ध धर्म आणि सरहद्दीपलीकडून आलेले मांचू एका बाजूला, घरचा ताओ आणि घरची माणसं दुसऱ्या बाजूला. शरीरशास्त्राचा तिथे संबंध फार थोडा. आणि आज ज्या ताईचीला सगळे अंतर्गत कलांची राणी मानतात, तिचा त्या लेखात उल्लेखसुद्धा नाही.

आज 'अंतर्गत' म्हटलं की ताईची, शिंगयी आणि बाग्वा ही तीन नावं घेतली जातात. यांचा जन्म एका घरचा नव्हे. ताईचीचा माग काढत गेलं की हेनान प्रांतातल्या वेन परगण्यातलं चेन कुटुंबाचं गाव लागतं, चेनजियागोउ. तिथे शिकून यांग लुचान (१७९९–१८७२) यानं ती बीजिंगला नेली. बाग्वा एकोणिसाव्या शतकात दोंग हायच्वान यानं बीजिंगमध्ये शिकवली. वर्तुळात चालत राहणं हा तिचा पाया आहे. शिंगयी शान्शी आणि हेबेई या प्रांतांत वाढली. ती सरळ रेषेत समोरच्याच्या अंगावर चालून जाते. या तिन्ही कला शिकलेला सुन लुतांग (१८६०–१९३३) यानं १९१५मध्ये शिंगयीवर, १९१६मध्ये बाग्वावर आणि १९२१मध्ये ताईचीवर पुस्तक लिहिलं आणि तिघींच्या मुळाशी एकच तत्त्व असल्याची मांडणी केली. १९२८मध्ये नानजिंगला राष्ट्रीय युद्धकलांची केंद्रीय संस्था निघाली, तेव्हा तिचे 'वुडांग' आणि 'शाओलिन' असे दोन विभागच करण्यात आले. दोन्हींत इतकी तेढ निर्माण झाली, की ती विभागणी लवकरच मोडावी लागली.

याच काळात तांग हाओ हा इतिहासकार जुने कागद हातात घेऊन बसला. चेनजियागोउला जाऊन त्यानं कुळाची कागदपत्रं पाहिली, आणि झांग सानफेंगनं ताईची निर्माण केली या समजुतीला आधार नाही असं स्पष्ट लिहिलं. शाओलिनच्या बोधिधर्माच्या कथेचंही त्यानं तेच केलं. आपल्याकडे आजही मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं, की दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्मानं चिन्यांना लढायला शिकवलं. ज्या 'यीजिनजिंग' ग्रंथाचा त्यासाठी हवाला देतात तो सतराव्या शतकातला आहे. बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. हजार वर्षांचं अंतर अभिमानानं भरून निघत नाही, आणि आपण ते भरण्याचा प्रयत्नही करू नये.

तर मग 'अंतर्गत' कशाला म्हणायचं? गुरुपरंपरेवरून व्याख्या करावी, तर ती वंशावळ होते. तिच्यावरून शरीरात काय घडतं ते कळत नाही. संथपणावरून करावी, तर शिंगयी संथ नाही, आणि चेन घराण्याच्या ताईचीत जमिनीवर पाय आपटणं, उड्या, झटक्यानं मारलेले ठोसे हे सगळं आहे. आज बागांमधून दिसते ती सलग, एकसारख्या गतीची ताईची बरीचशी यांग लुचानच्या नातवाची, यांग चेंगफूची देणगी. आणि १९५६मध्ये सरकारी क्रीडा खात्यानं बसवलेला २४ हालचालींचा क्रम तिच्यावरूनच बेतलेला आहे. मऊपणावरून व्याख्या करावी, तर कुठल्याही कलेतला मुरलेला माणूस नवशिक्यापेक्षा मऊच असतो. टेनिसपटूही असतो, गोलंदाजही असतो.

राहिली 'ची', म्हणजे शरीरातून वाहणारी प्राणशक्ती. इथे मला जरा थांबलं पाहिजे, कारण विज्ञानाच्या नावाखाली सर्वांत मोठी गफलत इथेच झाली. १९८०च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची, म्हणजे श्वास आणि 'ची' यांच्या साधनेची, प्रचंड लाट आली. गुरू स्टेडियमं भरवू लागले. दुरून नुसत्या 'ची'नं पदार्थांचे गुणधर्म बदलल्याचे दावे प्रयोगशाळांच्या नावानिशी छापून येऊ लागले. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा शिल्पकार मानला जाणारा च्यान श्वेसेन यानं 'मानवी शरीराचं विज्ञान' म्हणून या सगळ्याला आपल्या प्रतिष्ठेचं पाठबळ दिलं. हे प्रयोग ज्यांचा या दाव्यांवर विश्वास नाही अशा लोकांच्या हातून, दुसऱ्या ठिकाणी, तसेच्या तसे पुन्हा उभे राहिले नाहीत. उपकरणं होती, शास्त्रज्ञ होते, विद्यापीठांची नावं होती. दाव्याची अशी मांडणी मात्र नव्हती, की जिच्यातून तो खोटाही ठरू शकेल. ज्या विधानाला खोटं ठरण्याची सोय नाही, ते प्रयोगशाळेत नेल्यानं वैज्ञानिक होत नाही.

आता जे काम खरोखर चांगलं झालं त्याकडे येतो. ते आरोग्याच्या क्षेत्रात झालं, आणि त्यातला एक प्रयोग मला इतका महत्त्वाचा वाटतो की तो मी सविस्तर सांगणार आहे.

१९९६मध्ये अटलांटा इथल्या स्टीव्हन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या २०० जणांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या लोकांचे तीन गट केले होते. एकाला पंधरा आठवडे ताईची शिकवली. १०८ हालचालींच्या लांबलचक क्रमातून काढलेल्या फक्त दहा. दुसऱ्या गटाला संगणकाशी जोडलेल्या फळीवर उभं करून तोल सांभाळायला शिकवलं. पडद्यावर स्वतःचा गुरुत्वमध्य दिसतो, तो हलवायचा आणि आवरायचा. तिसऱ्या गटाबरोबर आरोग्याच्या विषयांवर नुसत्या चर्चा केल्या. ताईचीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. ही टक्केवारी जगभर गाजली. ताईचीच्या प्रत्येक पत्रकावर ती आजही असते.

पण पुढच्या वर्षी याच प्रकल्पातला दुसरा निष्कर्ष आला, आणि तो पत्रकांवर सहसा नसतो. यातल्या काही जणांना फळीवर स्थिर उभं करून शरीर किती डुलतं ते मोजलं होतं. फळीवर सराव केलेल्यांचं डुलणं कमी झालं. ताईची शिकलेल्यांचं जवळपास पूर्वीइतकंच राहिलं. म्हणजे यंत्रावर सुधारला एक गट, आणि रोजच्या जगण्यात पडायचा कमी झाला दुसराच. पडण्याची भीतीही ताईचीवाल्यांचीच कमी झाली.

याचा अर्थ काय लावायचा? स्थिर उभं राहून कमी डुलणं म्हणजे चांगला तोल, असं मोजणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ताईची स्थिर उभं राहायला शिकवतच नाही. ती वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला शिकवते, कमरेतून वळायला शिकवते, आणि तोल ढळायला लागला आहे हे लवकर ओळखायला शिकवते. फळी अचूक होती, पण तिला विचारलेला प्रश्न भलताच होता. अंतर्गत कलांच्या संशोधनातली मुख्य अडचण मला या एका प्रसंगात पूर्ण दिसते. कलेचा दावा काय आहे हे कलेकडून समजून न घेता आपण हाताशी असलेलं उपकरण लावतो, आणि मग निकाल 'काही नाही' आला तर कलेला दोष देतो, 'काहीतरी' आला तर कलेचा जयजयकार करतो.

२००३मध्ये वुल्फ यांच्याच गटानं अधिक थकलेल्या, अधिक वयाच्या ३११ जणांवर ४८ आठवड्यांचा प्रयोग केला. ताईचीच्या गटात पडणं साधारण चतुर्थांशानं कमी होतं, पण तो फरक केवळ योगायोगाचाही असू शकेल, अशी संख्याशास्त्राची कबुली त्यांनी दिली. मला असे शोधनिबंध फार मोलाचे वाटतात.

बाकीचं थोडक्यात. ओरेगनमध्ये फूझोंग ली यांनी पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, चोवीस आठवडे ताईची करणाऱ्यांचा तोल ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही सुधारला आणि वजनं घेऊन व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही. मात्र पडण्याच्या संख्येत ताईचीची सरशी झाली ती फक्त ताणाच्या व्यायामांवर. वजनं घेणाऱ्यांवर नाही. २०१६मध्ये बॉस्टनला चेनचेन वांग यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांमध्ये ताईची नेहमीच्या फिजिओथेरपीइतकीच उपयोगी पडते असं दाखवलं. २०१८मध्ये ली यांनीच सत्तरीपुढच्या ६७० जणांवर, पडण्याचा धोका असलेल्यांवर, ताईचीच्या बाजूनं भक्कम निकाल मिळवला.

या सगळ्यांत काय शिकवलं गेलं, ते पाहा. सोप्या केलेल्या, निवडक, एकट्यानं करायच्या हालचाली. समोर कोणी ढकलणारा नाही, धरणारा नाही, मारणारा नाही. वृद्धांसाठी हे योग्यच होतं. मी माझ्या परिचयातल्या प्रत्येक सत्तरीच्या माणसाला हे करायला सांगेन. पण हा पुरावा तोलाचा आहे. तो युद्धकलेचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. शिवाय यात काम कशानं केलं, हेही अजून वेगळं काढलेलं नाही. हार्वर्डचे पीटर वेन ताईचीकडे अनेक घटकांचं मिश्रण म्हणून पाहतात: हालचाल, श्वास, अवधान, कल्पनाचित्रं, गटात मिळणारी सोबत, गुरूवरचा विश्वास. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटी ताईची देता येत नाही. आपण काय करतो आहोत हे माणसाला कळतंच, आणि त्याच्याबरोबर अपेक्षाही येते. वीस वर्षं ताईची करणाऱ्यांची न करणाऱ्यांशी तुलना केली, तर दुसराच पेच पडतो. ज्यांचे गुडघे शाबूत होते तेच वीस वर्षं टिकले असतील.

म्हणून मी एक व्याख्या सुचवतो. ती अपुरी असेल, पण तिच्यावर प्रयोग करता येतात. 'अंतर्गत' हा शब्द कलेला लावू नये, प्रशिक्षणाच्या पद्धतीला लावावा. ज्या पद्धतीत ताकद आणि वेग वाढवण्याआधी अनावश्यक स्नायुताण काढून टाकणं हेच सरावाचं पहिलं काम असतं, ज्यात पायाखालच्या जमिनीपासून हातापर्यंत रेटा सबंध शरीरातून नेण्यावर भर असतो, आणि ज्यात समोरच्याच्या बळाची दिशा स्पर्शातून ओळखण्याचा स्वतंत्र सराव असतो, ती अंतर्गत पद्धत. यातला प्रत्येक भाग मोजता येतो, आणि प्रत्येक भाग खोटा ठरू शकतो.

पहिला भाग घ्या. चिनी वस्ताद त्याला 'सुंग' म्हणतात. दंडाचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले, की कोपर ताठ होतं, वेग जातो, दमही लवकर लागतो. कोणतंही कौशल्य अंगवळणी पडताना हे परस्परविरोधी आवळणं कमी होत जातं, हे हालचालशास्त्रात पक्कं ठाऊक आहे. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून ते पाहता येतं. २००६मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी वुलाकॉट यांच्या चमूनं तोल कमकुवत झालेल्या वृद्धांना तीन आठवडे रोज ताईची शिकवली आणि मग पायाखालची जमीन अचानक सरकवली. नडगीच्या पुढचा स्नायू पूर्वीपेक्षा लवकर जागा झाला, आणि विरुद्ध स्नायूंचं एकदम आवळणं कमी झालं. वुल्फ यांच्या स्थिर फळीला जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं, कारण इथे प्रश्न बरोबर विचारला होता.

पण हाच प्रश्न युद्धकलेच्या अंगानं विचारला की अवघड उत्तर येतं. कॅनडातले मणक्याच्या यांत्रिकीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१०मध्ये मिश्र युद्धकलांमधल्या अव्वल लढवय्यांचे ठोसे आणि लाथा तपासल्या. धडाचे स्नायू प्रहाराच्या सुरुवातीला एकदा कडक होतात, हात वेग घेत असताना सैल पडतात, आणि लक्ष्याला भिडताना पुन्हा कडक होतात. दोन शिखरं आणि मध्ये एक दरी. अंतर्गत कलांचे वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या याच दरीचं वर्णन करत आले आहेत. पण ही दरी पिंजऱ्यात लढणाऱ्यांना ताईचीशिवाय मिळाली. तेव्हा सैलपणा हा अंतर्गत कलांचा मक्ता नाही, एवढं मान्य करावं लागतं. उरणारा प्रश्न असा, की तो आधी शिकवल्यानं लवकर येतो का, जास्त काळ टिकतो का, साठीतही शाबूत राहतो का. हे अजून कोणी नीट तपासलेलं नाही आणि ते तपासण्यासारखं आहे.

दुसरा भाग सबंध शरीराचा. या परंपरेत 'सहा मेळ' सांगतात. त्यातले तीन बाहेरचे: खांदा आणि कंबर, कोपर आणि गुडघा, हात आणि पाऊल यांनी एकत्र पोचायचं. भालाफेकीत किंवा वेगवान गोलंदाजीत काय होतं? आधी कंबर सर्वाधिक वेग गाठते, मग धड, मग खांदा, सर्वांत शेवटी हात. वेग चाबकासारखा टोकाकडे वाढत जातो. 'सहा मेळ' याच्या उलट सांगतात, सगळं एकदम. हे दोन वेगळे यांत्रिक अंदाज आहेत. चाबूक वेग देतो. एकदम पोचणारं शरीर हाताच्या मागे वजन उभं करतं. हलक्या लक्ष्यावर पहिलं चालेल, जवळून ढकलताना दुसरं. पायाखाली फोर्स प्लेट, हातासमोर बळ मोजणारी गादी आणि सांध्यांवर खुणा लावून कॅमेरे, एवढ्यात कोण खरं बोलतो ते कळेल. माझा अंदाज असा, की निष्णात शिंगयीवाला तोंडानं 'एकदम' म्हणेल आणि कॅमेऱ्यात त्याचीही कंबर काही सहस्रांश सेकंद आधी निघालेली दिसेल. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

इथे वस्तादांच्या भाषेबद्दल बोललं पाहिजे. ताईची करणारा सांगतो की माझे पाय सैल आहेत. त्या वाकलेल्या गुडघ्यांच्या स्थितीत मांडीच्या पुढच्या स्नायूंचं विद्युत्‌मापन केलं, तर ते जोरात काम करताना दिसतात. करायलाच हवं, नाहीतर माणूस खाली बसेल. मग तो खोटं बोलतो का? मला वाटतं, वस्तादाचं वाक्य हे शरीराचा अहवाल नसतं. ती शिकणाऱ्याला दिलेली सूचना असते. १९२०च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या अंगावर छोटे दिवे लावून त्यांची छायाचित्रं घेतली. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच वाटेनं जात होतं. खांदा, कोपर, मनगट मात्र दर वेळी थोडं वेगळं चालत होतं. शरीर सांध्यांची बेरीज-वजाबाकी स्वतःच करतं. जाणिवेला ती येत नाही. म्हणून 'मांडीचा अमुक स्नायू चाळीस टक्के आवळ' असं शिकवता येत नाही, आणि 'ची पोटात उतरू दे' असं शिकवता येतं.

हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांचं १९९८पासूनचं काम याला पुष्टीही देतं आणि आव्हानही. शिकणाऱ्यानं स्वतःच्या अवयवांकडे लक्ष दिलं तर हालचाल बिघडते. बाहेरच्या परिणामाकडे दिलं तर सुधारते, असं त्यांना पुन्हापुन्हा आढळलं. 'दोन हातांत चेंडू धरला आहे असं समज' ही ताईचीतली सूचना बाहेर लक्ष नेणारी आहे. पण 'कमरेत काय होतंय ते आतून पाहा' ही नेमकी उलटी. अंतर्गत कलांचा निम्मा सराव या दुसऱ्या प्रकारचा आहे. मग तो शिकण्याला अडथळा ठरतो का? की वर्षानुवर्षं संथ गतीनं केल्यावर त्यातून काही वेगळंच कमावलं जातं? क्रीडाविज्ञान आणि ही परंपरा यांच्यात हा खरा मतभेद आहे. दोन्ही बाजू गोड बोलून तो टाळतात. त्याला थेट भिडायला हवं.

तिसरा भाग स्पर्शाचा. समोरासमोर उभं राहून, हाताला हात लावून, एकमेकांचा तोल काढण्याचा जो सराव ताईचीत असतो, त्यात समोरच्याचं बळ हातानं 'ऐकायचं' असतं. कॅथरीन केर यांनी २००८मध्ये दाखवलं, की अनुभवी ताईची साधकांच्या बोटांच्या टोकांना बारीक खाचा इतरांपेक्षा अधिक अचूक कळतात. आणि बोटांनी काही चाचपण्याचा सराव तर त्यांनी केलेलाच नव्हता, नुसतं तिथे अवधान ठेवलं होतं. हाँगकाँगमध्ये यूलियान होंग यांच्या गटाला ताईची करणाऱ्या वृद्धांच्या घोट्याची सांधाजाणीव पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या समवयस्कांपेक्षा चांगली आढळली. हे मोठं आश्वासक आहे. पण बोटाची खाच ओळखणं आणि अंगावर आलेल्या माणसाचा जोर ओळखणं यांत अंतर आहे. ते तपासायचं, तर ढकलणारा माणूस त्या गुरूचा शिष्य नसावा. शिष्य नकळत सोबत करतो. गुरूचा हात लागायच्या आधीच उडून पडणारे शिष्य आपण सगळ्यांनी चित्रफितींत पाहिले आहेत.

आता लढतींबद्दल. १९५४च्या जानेवारीत मकाऊमध्ये ताईचीचे वू गोंगयी आणि त्यांच्याहून बरेच तरुण, श्वेत क्रौंच शैलीचे चेन कफू यांची जाहीर लढत झाली. दोन फेऱ्यांत ती थांबवली, आणि कोणालाच विजयी ठरवलं नाही. त्या लढतीनं हाँगकाँगमध्ये एवढी हवा निर्माण केली, की त्याच महिन्यात एका वृत्तपत्रानं ल्यांग यूशेंग यांची युद्धकलेवरची कादंबरी क्रमशः सुरू केली, आणि चिनी साहित्यात एका नव्या प्रकाराची लाट आली. २०१७च्या एप्रिलमध्ये चेंगदूत मिश्र युद्धकलांचा प्रशिक्षक शू श्याओदोंग यानं ताईचीच्या वेई लेईला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं, आणि सगळ्या चीनमध्ये गदारोळ उठला. या दोन लढतींतून विज्ञानाच्या हाती काय लागतं? दोन माणसांच्या दोन दिवसांची हकीकत. ज्यानं वर्षानुवर्षं न ऐकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी सराव केला नाही तो हरला, एवढं मात्र त्यातून रास्तपणे म्हणता येतं. आणि ही गोष्ट अंतर्गत गुरूंनी मनाला लावून घ्यायला हवी. विरोध करणाऱ्या जोडीदाराशिवाय कुठलीही युद्धकला शाबूत राहत नाही. संथ क्रम हा सरावाचा एक भाग आहे. तोच सगळा सराव मानला, की युद्धकलेचा व्यायाम होतो. व्यायाम म्हणून तो उत्तमच आहे, पण मग नावही व्यायामाचंच घ्यावं.

एकेक दावा घेऊन तो मोजून पाहण्याच्या या कामाचा आदर्श आपल्याकडे आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झाले आणि १९२४मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झालं. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या पोकळीत दाब किती कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून मोजलं. क्ष-किरणांनी आतड्यांची स्थिती पाहिली. साऱ्या योगशास्त्राला त्यांनी एका झटक्यात 'सिद्ध' केलं नाही. एक क्रिया घेतली, तिच्याविषयीचं एक विधान घेतलं, आणि त्याला एक उपकरण लावलं. चिनी अंतर्गत कलांच्या संशोधनाला आज नेमकं हेच हवं आहे.

आणि या कामात महाराष्ट्राला करण्यासारखं एक काम आहे. कुस्तीत खडाखडी होते तेव्हा दोन पैलवान एकमेकांची मान-मनगटं धरून समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हातानं वाचत असतात. ताईचीवाले जोडीच्या सरावात जे कमावल्याचं सांगतात तेच हे कौशल्य, फक्त मातीत आणि पुऱ्या विरोधाविरुद्ध कमावलेलं. अंतर्गत कलांच्या साधकांशी तुलना करायला याहून चांगला गट जगात क्वचित मिळेल. दोन्हीकडचे समान वयाचे, समान वजनाचे, समान वर्षं सराव केलेले लोक घ्यावेत. डोळ्यांवर पट्टी बांधावी. अनोळखी माणसानं, ठरलेल्या यंत्रानं, न सांगता ढकलावं. स्नायू किती वेळात जागे होतात, विरुद्ध स्नायू किती आवळतात, पायाखालचा रेटा कसा बदलतो, हे मोजावं. मोजणाऱ्याला कोण पैलवान आणि कोण ताईचीवाला हे माहीत नसावं. यासाठी लागणारी उपकरणं आता आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही आहेत, आणि तालमी तर गावोगाव आहेत.

शारीरिक शिक्षणाच्या आणि फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांतले जे विद्यार्थी इथे आले आहेत, त्यांना माझी विनंती आहे की प्रबंधासाठी विषय शोधताना हा विषय हाती घ्या. कोणता निकाल आला तर आपलं गृहीतक चुकलं असं मानाल, हे पहिला पैलवान फळीवर उभा राहण्याआधी लिहून ठेवा. आणि निकाल 'काही फरक नाही' असा आला, तरी तो छापा.